संगणकाचा धूर आणि सुरतेची मोजदाद

वराछ्यातील एखाद्या हिऱ्याच्या कारखान्यात कच्चा खडा घासणीच्या चाकावर चढण्यापूर्वी आज तो प्रथम एका यंत्रासमोर ठेवला जातो; ते यंत्र त्याच्या अंतर्भागातील भेगा आणि डाग टिपून घेते, आणि त्या एका खड्यातून कमीत कमी घट सोसून कोणत्या आकाराचे किती हिरे निघतील याचे असंख्य आराखडे मांडून संगणक त्यांतील सर्वांत लाभदायक तो कारागिराच्या हाती देतो. उधना-लिंबायतच्या बाजूला, जेथे खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या मागावर राबल्या, तेथे आता भरतकामाची संगणकीय यंत्रे चालतात. रिंग रोडवरच्या कापडबाजारातील बीजके आणि कराचे हिशेब कोठल्या तरी दूरच्या यंत्रगृहात साठवले जातात. सुरतेचा असा एकही मोठा धंदा आता उरलेला नाही की ज्याच्या दप्तरात संगणकाने आपली जागा केलेली नाही. मात्र पांडेसऱ्याच्या रंगाई-छपाईच्या कारखान्यांची धुराडी जशी कोसभरावरून दिसतात, तसे संगणकाचे धुराडे कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. त्याचा धूर निघतो तो परक्या ठिकाणी: थोडा कोळशाच्या नि लिग्नाइटच्या वीजकेंद्रात, थोडा तैवानातील चिपांच्या कारखान्यात, आणि आयुष्य संपल्यावर थोडा भंगाराच्या वखारीत.

हा विखुरलेला धूर कमी करण्याचे जे उपाय आज जगभर चर्चेत आहेत, त्यांचा आढावा घेताना मी मुद्दाम सुरतेत उभा राहून पाहू इच्छितो. या शहरात मोठी डेटा सेंटरे नाहीत. ती आहेत नवी मुंबईच्या ऐरोली-महापे-रबाळे पट्ट्यात, पनवेलीजवळ, चेन्नईत आणि हैदराबादेत. परंतु धूर वजन करून त्याचा हिशेब कारखानदाराकडून मागण्याचा जो प्रयोग सुरतेने केला, तसा भारतातील दुसऱ्या कोणत्याही शहराने त्यापूर्वी केला नव्हता, आणि संगणकाच्या प्रश्नाची खरी मेख मला तेथेच दिसते.

२०१९ साली गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने, शिकागो आणि येल या विद्यापीठांतील अर्थशास्त्रज्ञांच्या साहाय्याने, सुरतेच्या परिसरातील तीनशेहून अधिक कारखाने निवडले. बहुतेक कापडाचे, कोळसा किंवा लिग्नाइट जाळून वाफ करणारे. प्रत्येकाच्या धुराड्यात सूक्ष्म कणांचे अखंड मापन करणारे उपकरण बसविण्याचा हुकूम झाला. मग चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, कोणतीही निवड न करता, त्यांतील सुमारे निम्मे कारखाने एका बाजारात दाखल करण्यात आले. या बाजारात एकूण धुराला कमाल मर्यादा होती. त्या मर्यादेतील परवाने कारखान्यांना मिळत. ज्याने धूर कमी केला त्याने शिल्लक परवाने विकावेत, ज्याला जमले नाही त्याने विकत घ्यावेत, आणि किंमत किलोला पाच रुपयांच्या खाली व शंभर रुपयांच्या वर जाऊ नये, असा बंदोबस्त होता. कणप्रदूषणाचा असा बाजार जगात प्रथमच भरत होता. परिणाम असा झाला की बाजारातील कारखान्यांचा धूर इतरांच्या तुलनेने २० ते ३० टक्क्यांनी उतरला आणि तो उतरविण्याचा खर्चही वाढला नाही.

या प्रयोगातील ज्या गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेले नाही ती ही की मापनाची उपकरणे दोन्ही गटांच्या धुराड्यांत होती. आकडे दोघांचेही नोंदले जात होते. घट मात्र त्याच गटात झाली जेथे आकड्याला किंमत होती आणि त्याचा जाब द्यावा लागत होता. धुरातील कण आणि कर्बवायू या निराळ्या वस्तू आहेत, आणि पांडेसऱ्याच्या बॉयलरची तुलना थंडगार यंत्रगृहाशी करण्याचा माझा आग्रह नाही. पण ही एक गोष्ट दोहोंना सारखीच लागू पडते. संगणक-व्यवसायात मोजण्याची कमतरता कधीच नव्हती. डेटा सेंटरातील प्रत्येक कपाटाची वीज, प्रत्येक दालनाचे तापमान, प्रत्येक पंख्याची गती क्षणाक्षणाला नोंदली जाते. त्या नोंदींचा जाब विचारणारा कोणी नाही, हे खरे वैगुण्य आहे.

प्रथम विजेचा विचार करू, कारण भार तिचाच अधिक. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२५ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२४ साली जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची मागणी अशीच वाढली तर २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्जांवर जाईल असा त्या संस्थेचा कयास आहे. भारतातील विजेच्या प्रत्येक युनिटामागे सरासरी ७२० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे अलीकडचे हिशेब सांगतात. आता तीनशे वॅट वीज खाणारा एक साधा सर्व्हर अहोरात्र चालला तर वर्षाला सुमारे २,६२८ युनिट लागतात, आणि त्याचा कर्बभार १.९ टनांच्या घरात जातो. हा झाला केवळ यंत्राचा. त्याला थंड ठेवण्याचा खर्च वेगळा.

पण सरासरी हा शब्द सुरतेत बसून उच्चारला की त्याचे अपुरेपण ध्यानात येते. तापीच्या खोऱ्यात उकाईचे जलविद्युत केंद्र आहे. त्याच परिसरात कोळशावर चालणारे उकाईचे औष्णिक केंद्र आहे. काकरापारला अणुवीज आहे, जेथे देशी बनावटीची ७०० मेगावॉटची पहिली अणुभट्टी ३० जून २०२३ रोजी आणि तिची जोडीदार ३१ मार्च २०२४ रोजी व्यापारी उत्पादनात दाखल झाली. कवास येथे वायूवर चालणारे केंद्र आहे, कामरेज तालुक्यात दुसरे. आणि मांगरोळ तालुक्यातील नानी नरोलीला जमिनीतून लिग्नाइट उपसून जाळणारे तिसरे. एकाच जिल्ह्याच्या आगेमागे एवढ्या निरनिराळ्या जातीची वीज क्वचितच निपजत असेल. वीज तारेत शिरली की तिची जात पुसली जाते हे खरे. तरी दुपारी एक वाजता गुजरातच्या छपरांवर आणि माळरानांवर सूर्य तळपत असताना वापरलेले युनिट आणि रात्री नऊ वाजता कोळशाचे संच पूर्ण जोराने चालू असताना वापरलेले युनिट, यांचा कर्बभार एक असू शकत नाही.

डेटा सेंटरांच्या मालकांची हरित वीज ही बहुधा वार्षिक जमाखर्चाची वीज असते. वर्षभरात जेवढी वापरली तेवढी सौर किंवा पवनवीज कोठेतरी विकत घेतली, की ताळेबंद जुळतो आणि घोषणा होते. प्रत्यक्षात यंत्रगृह रात्रीही तेवढीच वीज ओढते, आणि त्या वेळी ती कोळशाची असते. म्हणून गूगलने २०३० पर्यंत प्रत्येक तासाची वीज त्या तासाच्या, त्याच प्रदेशातील निष्कर्ब विजेशी जुळविण्याचा संकल्प सोडला, तो मला वार्षिक हिशेबापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो. तो संकल्प पुरा होण्याची वाट किती बिकट आहे हे त्याच कंपनीच्या २०२४ च्या अहवालाने दाखविले, कारण २०१९ ते २०२३ या काळात तिचे उत्सर्जन ४८ टक्क्यांनी वाढले होते. जे काम थांबू शकते ते सूर्याच्या वेळी करावे, हाही उपाय त्याच कंपनीने २०२० पासून अमलात आणला आहे: चित्रफितींचे रूपांतर, साठ्याच्या प्रती काढणे, भाषाप्रतिमानांचे शिक्षण यांसारखी कामे काही तास मागेपुढे झाल्याने कोणाचे अडत नाही. ज्या देशात दुपारी सौरवीज ओसंडते आणि संध्याकाळी चणचण भासते त्या देशाला हा उपाय विशेष मानवणारा आहे, आणि त्याला नवे यंत्र लागत नाही, केवळ वेळापत्रक लागते. अखंड चालणाऱ्या भारासाठी मात्र अखंड निष्कर्ब वीज हवी. ती आज काकरापारसारखी केंद्रे आणि साठवणूक यांच्याखेरीज दुसरीकडून येईल असे मला दिसत नाही.

थंडाव्याच्या प्रश्नात मराठी आणि गुजराती किनाऱ्याला निसर्गाने मदत केलेली नाही. डेटा सेंटरात आलेल्या एकूण विजेला संगणकांनी वापरलेल्या विजेने भागले म्हणजे जे गुणोत्तर मिळते ते या धंद्याचे प्रचलित माप आहे; २००७ पासून ते रूढ झाले. जगाची सरासरी २०२३ साली १.५८ होती, गूगलच्या यंत्रगृहांची १.१ च्या आसपास असते. वर घेतलेल्या एका सर्व्हरपुरते बोलायचे तर १.६ चे गुणोत्तर १.२ वर आणल्याने वर्षाला पाऊण टन कर्बवायू वाचतो. थंड देशांत बाहेरची हवाच आत घेऊन हे साधते. सुरतेत किंवा ऐरोलीत उन्हाळ्याची उष्णता आणि पावसाळ्याची दमट हवा अशी दुहेरी अडचण आहे. पाणी उडवून गारवा निर्माण करण्याची युक्ती नागपुरास वैशाखात उत्तम चालेल, पण जुलैत समुद्रकाठी हवा आधीच पाण्याने भरलेली असते, तेव्हा बाष्पीभवन मंदावते आणि युक्ती लंगडी पडते. शिवाय ती पाणी पिते, आणि पिण्याच्या पाण्यावर यंत्राने हक्क सांगावा हे मला कदापि मान्य होणार नाही.

याही बाबतीत सुरतेच्या पदरी अनुभव आहे. महापालिकेने बमरोली येथे सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्यापर्यंत प्रक्रिया करणारे रोजी चार कोटी लिटरचे केंद्र उभारून २०१४ पासून ते पाणी पांडेसऱ्याच्या कारखान्यांना विकावयास आरंभ केला. कापड रंगविण्यास जे पाणी चालते ते शीतनमनोऱ्यांना न चालण्याचे कारण नाही. नवी मुंबई महापालिकेनेही कोपरखैरणे आणि ऐरोली येथे उद्योगांसाठी अशी केंद्रे बांधली आहेत, आणि डेटा सेंटरे नेमकी त्याच पट्ट्यात उगवली आहेत. तेव्हा नव्या डेटा सेंटराला परवाना देताना धरणाच्या पाण्याची जोडणी नाकारून ही जोडणी सक्तीची करणे, हा एका परिपत्रकाचा विषय आहे.

पाण्यावाचूनचे मार्गही आहेत. खजोद येथील सुरत डायमंड बोर्स, ज्याचे उद्घाटन १७ डिसेंबर २०२३ रोजी झाले आणि ज्याचे बांधीव क्षेत्र ६७ लाख चौरस फूट आहे, तेथे थंड पाण्याच्या नळ्यांतून गारवा फिरविण्याची पद्धत योजली आहे. हवा थंड करून ती पृष्ठभागांवर सोडण्यापेक्षा पृष्ठभागच थंड ठेवणे स्वस्त पडते, कारण पाणी हवेपेक्षा उष्णता कितीतरी अधिक वाहून नेते. हेच तत्त्व संगणकात अधिक जवळून लागू होते. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत २०१९ साली बसविलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात द्रव थेट प्रोसेसरच्या पाठीवरून खेळविला जातो. अशा रचनेत येणारे द्रव कोमट असले तरी भागते, आणि मग उन्हाळ्यातही शीतकयंत्राची गरज बरीच घटते. याहून साधा उपाय म्हणजे दालनाचे तापमान वाढविणे. यंत्रगृह शिशिरासारखे गार असावे ही समजूत जुन्या यंत्रांच्या काळातली आहे. वातानुकूलन-अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेची शिफारस २७ अंशांपर्यंत जाते आणि अनेक सर्व्हर ३५ अंशांपर्यंत चालावेत असेच घडविलेले असतात. तरीही आपल्या बँकांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या सर्व्हर-खोल्या अठरा-वीस अंशांवर कुडकुडत असतात. तेथे खर्च शून्य आहे. फक्त जबाबदार माणसाने लेखी हुकूम द्यावयाचा आहे.

यंत्राच्या अंगच्या काटकसरीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण ती काटकसर धंदा स्वतःच्या लोभाने करतच आला आहे. २०१० ते २०१८ या आठ वर्षांत जगातील डेटा सेंटरांचे काम साडेपाच पटींनी वाढूनही वीज अवघी सहा टक्क्यांनी वाढली, हे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले. तो काळ आता सरला. ट्रान्झिस्टर लहान करीत गेले की त्याची वीजही त्याच प्रमाणात घटते, हा १९७४ साली मांडलेला नियम २००५-०६ च्या सुमारास थकला. आणि काटकसरीने स्वस्त झालेली वस्तू अधिकच वापरली जाते, हे जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशाच्या बाबतीत १८६५ सालीच सांगून ठेवले होते. काटकसर हवीच, तिच्या भरवशावर राहणे मात्र चुकीचे.

आता यंत्र घडविण्याच्या धुराकडे वळतो, ज्याच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. सिलिकॉनच्या चकतीवर शेकडो वेळा थर चढवून नि कोरून चिप तयार होते. त्या कामी अतिशुद्ध पाणी, अहोरात्र वीज आणि फ्लोरीनयुक्त वायू लागतात. या वायूंपैकी नायट्रोजन ट्रायफ्लोराइड हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १७ हजार पट तापदायक आहे, आणि कार्बन टेट्राफ्लोराइड एकदा सुटला की पन्नास हजार वर्षे वातावरणात राहतो. येथेही उपाय ठाऊक आहे: वायू वापरून झाल्यावर भट्टीत जाळून किंवा विद्युत्‌झोतात फोडून निष्प्रभ करावयाचा. १९९९ साली जगातील चिप-उत्पादकांच्या परिषदेने अशा वायूंचे उत्सर्जन २०१० पर्यंत दहा टक्क्यांनी घटविण्याचा करार केला आणि प्रत्यक्षात त्याहून बरीच अधिक घट साधली. ठरविले तर होते याचा हा दाखला आहे.

हा प्रश्न आता तैवान-कोरियाचा राहिलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सुरतेतच सुची सेमिकॉन या कापडव्यवसायातून आलेल्या समूहाच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. तेथे चिप कोरली जात नाही, तयार चिपेची जुळणी, आवरण आणि तपासणी होते. त्यामुळे वर सांगितलेल्या वायूंचा भार तेथे नाही, विजेचा आहे. कोरण्याचा कारखाना टाटा समूह तैवानी भागीदाराच्या साहाय्याने धोलेऱ्याला उभारीत आहे, ज्याची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. पाया घातला जात असतानाच वायू नष्ट करणारी साधने आणि त्यांच्या मापनाची सक्ती घालून घेणे सोपे असते; भिंती उभ्या राहिल्यावर तेच काम दसपट कठीण होते.

मग घडलेले यंत्र किती वर्षे वापरावे? एक सुटसुटीत हिशेब मांडतो. एक लॅपटॉप घडविताना २०० ते ३०० किलो कर्बवायू सुटतो, असे उत्पादकांचीच विवरणे सांगतात. तो तीस वॅटने दिवसाला आठ तास, वर्षात तीनशे दिवस चालला तर ७२ युनिट लागतात, म्हणजे आपल्या कोळसाळ विजेवरही सुमारे ५२ किलो. पाच वर्षे वापरला तरी त्याचा वापर त्याच्या जन्माची जेमतेम बरोबरी करतो. तेव्हा लॅपटॉप, घरचा संगणक आणि फोन यांच्या बाबतीत निर्विवादपणे म्हणता येते की दीर्घायुष्य हाच मुख्य उपाय. सर्व्हरचे गणित उलट आहे: तो घडविताना एखाद-दोन टन, स्मृतिचिपा भरपूर असतील तर त्याहून अधिक, पण तो कोळशाच्या विजेवर थंडाव्यासह वर्षाला अडीच-तीन टन सोडतो, म्हणून आज जुना, वीजखाऊ सर्व्हर वेळीच बदलणे योग्य ठरू शकते. उद्या वीज निष्कर्ब झाली की हेच गणित फिरेल आणि सर्व्हरही जपून वापरावा लागेल. मायक्रोसॉफ्टच्या उत्सर्जनात २०२० पासूनच्या तीन वर्षांत जी २९ टक्के वाढ झाली तिचे मोठे कारण नवी बांधकामे आणि नवी उपकरणे हेच होते. मोठ्या कंपन्यांनी सर्व्हरचे आयुष्य चार वर्षांवरून सहा वर्षांवर नेले होते; परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेच्या घाईत त्यांतील निदान एकीने २०२५ मध्ये ते पुन्हा घटविण्यास सुरुवात केली, ही मला या क्षेत्रातील सर्वांत चिंताजनक बातमी वाटते.

सुरतेला यंत्रे जगविण्याची विद्या शिकवावी लागणार नाही. साधे यंत्रमाग येथे दशकानुदशके सुटे भाग बदलून चालविले गेले, आणि माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरच्या हाताला जी सवय होती ती खानदेशातून आलेल्या कित्येक मुलांनी शाळा सोडून आत्मसात केली. आज त्यांचीच नातवंडे फोन आणि संगणक दुरुस्त करण्याच्या टपऱ्यांवर बसलेली आढळतात. या हातांना लागतात ते सुटे भाग, दुरुस्तीच्या पुस्तिका, आणि बॅटरी डिंकाने चिकटविलेली नसून स्क्रूने बसविलेली असणे. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन विद्युत्‌कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेला. भारताचे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले विद्युत्‌कचऱ्याचे नियम उत्पादकावर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकतात. पण वस्तू फोडून धातू काढणे आणि वस्तू दुरुस्त करून पुन्हा चालविणे यांत कर्बाच्या दृष्टीने फार अंतर आहे, आणि नियमांचा भर पहिल्यावर आहे. चिप फोडून तांबे-सोने मिळते. ती कोरताना खर्ची पडलेली वीज परत मिळत नाही.

केंद्र सरकारने २०२३ च्या जूनमध्ये कर्बपतांच्या व्यापाराची योजना अधिसूचित केली. तिच्या सक्तीच्या यादीत प्रथम जे नऊ उद्योग घेतले त्यांत पोलाद, सिमेंट, खते यांच्या पंक्तीला कापडउद्योग आहे. म्हणजे पांडेसऱ्याच्या व्यवसायातील मोठ्या घटकांना कर्बाचा हिशेब द्यावा लागणार. डेटा सेंटर त्या नऊंत नाही. त्याला २०२२ साली पायाभूत सुविधेचा दर्जा मिळाला, स्वस्त कर्जाचा मार्ग खुला झाला, राज्यांनी वीजशुल्कात सवलती दिल्या. आणि या साऱ्याच्या बदल्यात त्याच्याकडून मागितले गेले ते फारच थोडे. सवलतीच्या करारातच चार नोंदी दरवर्षी सादर करण्याची अट घालता येईल: तासागणिक वापरलेली वीज आणि तिचा उगम, थंडाव्याचे गुणोत्तर उन्हाळ्याचे व पावसाळ्याचे वेगवेगळे, पाणी कोणते व किती, आणि निवृत्त केलेली यंत्रे किती वर्षांनी, कोणाच्या हवाली झाली. पहिली एक-दोन वर्षे या नोंदी नुसत्या उघड कराव्यात. नंतर सवलत त्यांच्याशी बांधावी, म्हणजे आकडा बिघडला की शुल्क पूर्ववत. सुरतेच्या दुसऱ्या गटातील कारखान्यांप्रमाणे उपकरण आहे पण आकड्याला किंमत नाही, अशी स्थिती त्यापुढे राहता कामा नये.

सुरत महापालिका, जी सांडपाण्याच्या वायूपासून वीज करण्यात देशात अग्रेसर ठरली, तिला दिल्लीच्या अधिसूचनेची वाट पाहण्याचेही कारण नाही. तिच्या स्वतःच्या कचेऱ्यांत, शाळांत, नियंत्रणकक्षात संगणकांची खरेदी सतत चालू असते. पुढच्या निविदेत सात वर्षे सुटे भाग पुरविण्याची हमी, बॅटरी व स्मृती बदलता येईल अशी रचना, घडणीच्या कर्बभाराचे विवरण आणि मुदत संपल्यावर चालू स्थितीतील यंत्र महापालिकेच्या मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया शाळांपैकी एखादीकडे वर्ग करण्याचे कलम, एवढ्या चार अटी घालणे तिच्या मुखत्यारीत आहे.